वरच्या आळीचा चढ

उन्हाळा चढत जातो तसं तलावाचं पाणी उतरत जातं, आणि मग एखाद्या सकाळी बबनचा फोन येतो. "ताई, जोतं दिसाय लागलं." बबन म्हणजे माझ्या आत्याच्या दिराचा मुलगा. माळेवाडीच्या तलावात मासे धरतो, पाणी ओसरलं की गाळपेरीत कलिंगडं लावतो. मला हे कळवत जा, असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. मी "बरं" म्हणते. येते म्हणत नाही, तोही ये म्हणत नाही. ज्या वर्षी पाऊसपाणी चांगलं असतं त्या वर्षी जोतं उघडं पडत नाही आणि फोनही येत नाही. ती वर्षं मला बरी जातात.

यंदा फोन आला तेव्हा माझ्या भावाची नात ऋतुजा सुट्टीला सोलापुरात आलेली होती. ती पुण्यात वस्तूंची डिझाइनं करायला शिकते. पंख्याखाली मांडी घालून, मांडीवर उशी, उशीवर कॉम्प्युटर, असा तिचा संसार दिवसभर मांडलेला असतो. पाण्याच्या बाटलीचं काहीतरी चाललं होतं. पडद्यावर तिनं एक वाकडी रेष काढली, थोड्या अंतरावर दुसरी, मग तिसरी. एक बटण दाबलं आणि दोरीवर चादर टाकावी तसा त्या रेषांवर एक करडा, गुळगुळीत पृष्ठभाग पसरला.

"बघ आजी, आधी नुसत्या रेषा होत्या. आता सरफेस झाला."

"मधलं कुणी भरलं?"

"यानंच."

"त्याला कसं कळलं मधे काय आहे ते?"

"कळत नाही गं. अंदाज करतो. दोन्हीकडच्या रेषांना धरून आपलं गुळगुळीत नेतो."

"आणि मधे खरं काही वेगळंच असलं तर?"

"मग मधे आणखी एक रेष द्यायची. सोपं आहे." आणि तिनं एक रेष दिली. पृष्ठभाग तिथं मुकाट्यानं खाली बसला.

पोरगी सहज बोलून गेली. मी मात्र तिथून उठून स्वयंपाकघरात गेले आणि काही काम नसताना ओट्यापाशी उभी राहिले. मधे आणखी एक रेष द्यायची. माझ्याही कागदावर ती रेष देता आली असती. ती होती. फक्त मला दिली नव्हती.

मी राग धरून ठेवणारी बाई आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. भाजीवाल्यावरचा राग संध्याकाळी जातो, जावेवरचा दिवाळीपर्यंत टिकतो. एक राग मात्र पन्नास वर्षं झाली तरी ताजा आहे. त्याला मेथीचा वास येतो.

मोठ्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. मी आयटीआयतून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडले होते. (बाईलाही ड्राफ्ट्समनच म्हणायचे. त्याचं कुणाला काही वाटत नसे.) सोलापुरातल्या एका तलावाच्या कामाच्या कचेरीत मला ट्रेसरची, म्हणजे नकाशे शाईनं उतरवून काढायची, जागा मिळाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते. पाळी करून आलेला माणूस आधी झोपायला जागा शोधतो, मुलीच्या नोकरीचा विचार नंतर करतो. ते नको म्हणत होते. पुरुषांच्या कचेरीत एकटी मुलगी कशी बसणार? तेव्हा त्या कचेरीचे साहेब स्वतः आमच्या चाळीत आले. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, तोंडात सुपारी. खाटेवर बसून बशीतून चहा प्याले आणि अण्णांना म्हणाले, "हिचा हात चांगला आहे. घरी बसवू नका. माझ्या मुलीसारखी सांभाळीन." अण्णांनी हात जोडले. दाराआड उभ्या असलेल्या मलाही जोडावेसे वाटले होते.

आणि खरं सांगायचं तर त्यांनी सांभाळलंही. हेच तर दुखतं. वाईट माणसानं फसवलं तर चार शिव्या हासडून माणूस मोकळा होतो. साहेब वाईट नव्हते. कचेरीवर पत्रे होते, दुपारी डोक्यावर तवा ठेवल्यागत व्हायचं. ट्रेसिंगच्या कापडावर घामाचा थेंब पडला की शाई फुटून सगळी मेहनत पाण्यात जायची, म्हणून साहेबांनी माझं टेबल खिडकीशी, स्वतःच्या खोलीला लागून लावून दिलं. मनगटाखाली ठेवायला टीपकागद दिला. कुणी कारकून उगीच माझ्या टेबलाशी रेंगाळला तर आतून नुसते खाकरायचे.

रेषा वाचायला त्यांनीच मला शिकवलं. कंटूर म्हणजे काय ते कोर्सात घोकलं होतं: जमिनीवरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेष. घोकलं होतं, दिसत नव्हतं. एकदा त्यांनी स्वतःची मूठ टेबलावर ठेवली आणि बोटांच्या उंचवट्यांभोवती पेनानं कडी काढली. आधी वरती लहान, मग खाली खाली मोठी. "हा डोंगर," म्हणाले. मग मूठ उघडून तळवा टेबलावर सपाट ठेवला. हातावर नुसत्या वेड्यावाकड्या रेषा उरल्या. "आणि हा आपला नकाशा. आता यातून मूठ परत उभी करायची. रेषा काय, कुणीही काढतो. रेषांच्या मधलं ज्याला दिसतं तो खरा." त्या दिवसापासून मला नकाशात टेकड्या दिसायला लागल्या. जेवणाच्या ताटात आमटीच्या कडेलाही मी कंटूर बघायची. असा शिकवणारा माणूस पुन्हा मला भेटला नाही, हे मी रागाच्या भरातसुद्धा नाकारत नाही.

त्या उन्हाळ्यात माळेवाडीच्या तलावाचं काम यायचं होतं. माळेवाडी म्हणजे माझ्या आत्याचं गाव. आत्या अण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, वरच्या आळीत दोन खणांचं दगडी जोत्याचं घर, दारात शेवगा. माझी आई माझ्या धाकट्या भावाच्या वेळी वर्षभर आजारी होती, तेव्हा मला आत्याकडे ठेवलं होतं. म्हणून माझं लहानपण म्हणजे तिचं घर.

तलावात निम्मं गाव जाणार हे उघड होतं. खालची आळी, देऊळ, पार, सगळं पाण्याखाली. ज्यांची घरं जाणार त्यांना वर माळावरच्या नव्या गावठाणात प्लॉट. ज्यांची राहणार त्यांना प्लॉट नाही. घोडं अडलं होतं वरच्या आळीपाशी. ती धड खाली नव्हती, धड वर नव्हती. तिथली माणसं म्हणत होती, आमचं काय ते आधी सांगा, मगच गावात पाऊल टाका. आणि प्लॉट मोजकेच होते. आत्याला त्यातला एक मिळणार की तिचं घरच राहणार, एवढाच माझ्यापुरता प्रश्न होता.

"गावाला कागद दाखवून उपयोग नाही," साहेब म्हणाले. "आपण त्यांना गाव दाखवू." आणि मॉडेल करायचं ठरलं. करणार कोण? तर मी.

नकाशावरची एकेक कंटूर पुठ्ठ्यावर उतरवायची, बारीक करवतीनं पुठ्ठा त्या रेषेवर कापायचा, आणि एकावर एक चिकटवत जायचं. करवत धरून माझ्या बोटांना घट्टे पडले. नदीची घळ झाली, माळ झाला, टेकडी झाली. पण सगळ्या पायऱ्या पायऱ्या. साहेब येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "हे काय, घाट बांधलास की काय? जमीन अशी असते? मधलं भर."

प्लॅस्टर भरून बघितलं. सोलापूरच्या उन्हात ते रातोरात भेगाळलं. तेव्हा मला आत्याच्या टोपल्या आठवल्या. रद्दी कागद भिजवून कुटायचे, त्यात मेथीची वाटलेली पूड घालायची, आणि तो लगदा पालथ्या पातेल्यावर थापून वाळवायचा. तिच्या घरातलं सगळं धान्यधुन्य असल्या टोपल्यांत असायचं. मी रविवारी एसटीनं माळेवाडीला गेले आणि प्रमाण विचारून आले. आत्या खूश झाली. "सरकारच्या कामाला माझा लगदा? मेथी घालाय हात आखडू नगंस. मेथी आसली की उंदीर-कसर लागत न्हाय, आन् भेग तर पडतच न्हाय." निघताना मेथीची पुरचुंडीही बांधून दिली. कचेरीत रद्दीला काय तोटा! मी बादलीत कागद भिजत घातले आणि आठवडाभर कचेरीला मेथीचा कडू वास येत राहिला. "बाळंतिणीचे लाडू चाललेत का बाई?" असं हेडक्लार्क बडेबाबू रोज विचारायचे आणि रोज एकटेच हसायचे.

अंगठ्यानं लगदा दाबत दाबत पायऱ्या बुजवायच्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत उतार आपल्या हातानं न्यायचा. बोटांखाली जमीन तयार होताना वाटायचं, देवानं केली ती अशीच केली असणार, अंदाजानं. फार सुखाचे दिवस होते ते. आजही ते सुखाचेच आठवतात, मला त्याची चीड येते.

मग मी वरच्या आळीपाशी आले. एक रेष खाली पारापाशी होती. पुढची रेष एकदम वर माळावर. मधे लांबलचक कोरी जागा, आणि त्या जागेत अख्खी आळी. पाण्याची रेषही त्याच कोऱ्या जागेतून कुठूनतरी जाणार होती. म्हणजे आत्याचं घर पाण्यात की पाण्यावर, हे मी मधला लगदा कसा दाबते त्यावर होतं.

मी थांबले. साहेबांना बोलावलं.

साहेब बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आत्याचं घर इथंच ना?"

"हो."

"मग तुला माहीत आहे की जागा. पारापासून घरापर्यंत चढ कसा आहे?"

मी डोळे मिटले. उन्हाची वेळ, नदीवरून परतलेली आत्या, तिच्या डोक्यावर घागर, कडेवर मी. माझं डोकं तिच्या खांद्यावर, कान तिच्या छातीला लागलेला, आणि त्या छातीत चाललेली धाप. पारापासून सुरू व्हायची ती थेट उंबऱ्यापर्यंत. तो चढ कधी संपतच नसे.

"लई चढ हाय साहेब," मी म्हणाले. कचेरीत असताना मी कधी अशी बोलत नसे, पण डोळे मिटलेले होते. "दम लागतो."

ते हसले, मीही हसले. "मग कर तसा," म्हणाले आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेले.

मी अंगठ्यानं चढ केला. जरासा उंचवटा, त्यावर आत्याचं घर. पुठ्ठ्याचं, नखाएवढं. दार निळं रंगवलं, कारण खरं दारही निळं होतं.

माळेवाडीच्या शाळेपुढे, लिंबाच्या सावलीत, दोन बाकांवर ते मॉडेल ठेवलं. अख्खं गाव भोवती. बायका मागे, पण टाचा उंच करून. आपापली घरं ओळखण्याचा गलका झाला. "ह्ये बग आपलं." "आरं त्यो उकिरडा बी काढलाय की!" माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

मग साहेबांनी तांब्या मागितला. पाण्यात धुण्याची नीळ घातली आणि धार लावली. नदी त्या वर्षी कोरडी ठणठणीत होती. गावानं कितीतरी महिन्यांनी नदीत पाणी बघितलं ते हे. एक म्हातारा हळूच म्हणाला, "वाईच जपून वता, सायेब." पाणी घळीत भरलं, वर आलं. देऊळ गेलं. पार गेला. खालच्या आळीतलं एकेक घर जाताना बायका पदर तोंडाशी धरून बघत होत्या. एका बाईनं पुढे होऊन दोन बोटांनी आपलं घर उचलून घेतलं आणि पदरात धरून ठेवलं. कुणी हसलं नाही. पाणी आणखी चढलं, वरच्या आळीच्या अंगाला लागलं, आणि साहेबांनी धार थांबवली.

"तलाव पूर्ण भरला की पाणी इथपर्यंत. याच्या वर नाही."

आत्याचं निळं दार कोरडं होतं.

"ही मुलगी तुमच्याच गावची," साहेब म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे हिच्या हातचं आहे. माझ्यावर नको, हिच्यावर विश्वास ठेवा."

आत्या पुढे आली. वाकून, डोळे बारीक करून तिनं आपलं दार बघितलं. मग पाठ सरळ करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं घर ऱ्हातंय की! माझ्या भाचीनं केलंय, ती काय खोटं करंल व्हय? मला पिलाट नगं. माझ्या वाटणीचा खालच्या आळीतल्या कमळीला द्या, तिची पोरं लई हायती." आणि प्लॉट नको असल्याच्या कागदावर तिनं तिथल्या तिथं अंगठा दिला. एकटी बाई पुढे झाली म्हटल्यावर वरच्या आळीतले पुरुष मागे कसे राहतील? एकामागून एक सगळ्यांनी दिले.

दुपारी आत्यानं साहेबांना जेवायला घातलं. पिठलं, भाकरी, शेवग्याच्या शेंगा, कांदा फोडून. साहेब ओसरीवर मांडी घालून जेवले. दोनदा पिठलं घेतलं. "झकास," म्हणाले.

दिवाळीनंतर मी सुट्टी काढून आत्याकडे गेले. परसात मोरीकडे गेले आणि थबकले. घराच्या मागे, मोरीच्याही पलीकडे, चुन्यानं रंगवलेला एक दगड रोवलेला होता. त्याला हळद-कुंकू लावलेलं, पुढे एक विझलेली उदबत्ती.

"ह्यो बी सरकारनं बसिवला," आत्या मागून आली. "राखणीला. म्हटलं, आपल्या घराची राखण करतोय, तर दोन बोटं कुक्कू लावाय काय जातंय?"

ते दगड कसले ते मला कळत होतं. तलाव भरल्यावर पाणी जिथंवर येतं तिथं ते लावत जातात. दगडाच्या अलीकडे पाणी, पलीकडे जमीन. मी दगडाकडे बघितलं आणि मग घराकडे. घर अलीकडे होतं.

"आत्या, हा दगड घराच्या पुढं पाहिजे होता."

"पुढं कशाला? येताजाता ठेचा लागल्या आस्त्या की!"

तिला समजावून सांगायला मला अर्धा दिवस लागला. ती ऐकत होती आणि हातानं तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, "दगुड चुकला आसंल. तू इचारून बग सायबाला. मानूस चांगला हाय."

मी विचारलं. दुसऱ्याच दिवशी, त्यांच्या खोलीत, दार न वाजवता शिरून. "साहेब, दगड चुकलाय."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाही, बरोबर आहे. वरच्या आळीच्या लेव्हल्स, उंची मोजून, आपण आदल्या हिवाळ्यातच घेतल्या होत्या."

"म्हणजे मॉडेलच्या आधी?"

"आधी."

"मग मला मधली रेष का नाही दिलीत?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग अगदी मायेनं, मूठ उभी करून दाखवली होती त्याच आवाजात म्हणाले, "दिली असती तर चढ केला असतास?"

मी उभीच होते. ते समजावत राहिले. प्लॉट कमी आहेत. सगळ्यांना एकदम सांगितलं असतं तर गाव हललंच नसतं, काम दुसरीकडे गेलं असतं, मग प्यायला पाणी कुठून आणणार होतीस? वरच्या आळीचं पुढे बघू, काहीतरी करू. शेवटी म्हणाले, "आणि मी खोटं काय बोललो? पाण्याची रेष खरी होती. चढ तूच केलास. मी बोट तरी लावलं का?"

मग त्यांनी शिपायाला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

चहा यायच्या आत मी बाहेर पडले, ती पुन्हा त्या कचेरीत गेले नाही. गावात जाऊन सगळं सांगितलं. वरची आळी कचेरीवर गेली, तर त्यांना त्यांचेच अंगठे दाखवले. तुम्हीच तर नको म्हणालात. कमळीच्या प्लॉटवर तोवर भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि आत्या तो परत मागणाऱ्यांतली नव्हती. साहेब पुढे वर चढले, बदलून गेले. माझ्याबद्दल कुणीतरी विचारलं तर म्हणाले म्हणे, "हुशार मुलगी. पण फार भावनाशील." हे ऐकून मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फसवणूक झाली की लोक म्हणतात, विश्वास ठेवलास ही तुझी चूक. मला हे कधीच पटलं नाही. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीनं शिकवणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा? माझं डोकं उठतं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्यांनी माझ्याकडून खोटं करून घेतलं असतं तर मी नाही म्हणाले असते. त्यांनी माझ्याकडून खोटं मागितलंच नाही. माझी आठवण मागितली, आणि ती मी आनंदानं दिली. माझ्यातलं जे सगळ्यात खरं होतं त्याचाच त्यांनी बांध घातला.

तलाव पहिल्यांदा भरला त्या पावसाळ्यात आत्या एक ट्रंक आणि एक टोपली घेऊन आमच्याकडे सोलापुरात आली. म्हणाली, पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आधी दार उघडं टाकलं, म्हणजे दाराला धक्का नको. उरलेली वर्षं ती आमच्याकडेच राहिली. गल्लीतल्या बायकांत बसून विड्या वळायची. पद्मशाल्यांच्या बायकांकडून चार शब्द तेलुगूही शिकली आणि ते अण्णांवर वापरायची. टोपल्या मात्र तिनं पुन्हा कधी बनवल्या नाहीत. मॉडेलचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. फक्त एकदा, शेवटच्या आजारपणात, मी तिचे पाय चेपत होते तेव्हा आपणहून म्हणाली, "त्यो मानूस माझ्या हातचं जेवला तवाच मला कळाय पायजे हुतं. दोनदा पिठलं घेतलं, पर वर बगून जेवला न्हाय."

"आणि माझा राग नाही आला?" मी विचारलं.

"तुजा? तू ल्हान हुतीस की गं," असं म्हणून ती कुशीवर वळली. मी मॉडेल केलं तेव्हा लहान होते म्हणाली, की त्याही आधीचं काही म्हणाली, ते मी तेव्हा विचारलं नाही.

यंदा मी बबनला "येते" म्हणाले. ऋतुजानं गाडी काढली. तलावाच्या काठापासून आत चालत जावं लागतं. पायाखाली भेगाळलेला गाळ, शिंपल्या, जाळ्यांचे तुकडे, वाळून काळ्या पडलेल्या बाभळींचे बुंधे. बबनची कलिंगडं तेवढी हिरवी. पाराचे दगड ओळखू आले. बबन पुढे बोट दाखवत म्हणाला, "त्ये बगा, तुमच्या आत्तीचं जोतं."

पन्नास वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते. पारापाशी उभी राहिले आणि वर बघितलं. वर असं काही नव्हतंच. जमीन जराशी उचलली होती, अंगणाला उतार देतात तेवढी. ऋतुजानं हात पुढे केला. मी नको म्हणाले आणि एकटीच चालायला लागले. गुडघे दुखतात माझे, जिना चढताना दोनदा थांबते. इथे थांबावं लागलं नाही. शेवग्याच्या जागी काही नव्हतं. निळ्या दाराच्या जागी उंबऱ्याचा दगड होता, मधे झिजलेला. त्यावर मी बसले. मागे, थोडं वर, चुना उडालेला तो दगड अजून उभा होता.

ऋतुजा धावत आली. "आजी, दम लागला का गं?"

नव्हता लागला. सत्तरी ओलांडलेली बाई मी, पारापासून उंबऱ्यापर्यंत आले आणि मला दम लागला नाही. छातीवर हात ठेवून बघितलं, संथ चाललं होतं सगळं. माझ्या कानात मात्र ती धाप अजून होती, अगदी तशीच, पारापासून थेट इथपर्यंत. ती माझी कधी नव्हतीच. डोक्यावर भरली घागर, कडेवर मी, अशी ती बाई रोज इथून वर यायची. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून ऐकत असायची, आणि मला वाटायचं, केवढा हा चढ.

दम लागतो, मी साहेबांना म्हणाले होते. कुणाला लागतो, एवढं त्यांनी विचारलं असतं तर मला तेव्हाच आठवलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांच्याकडे रेष होती.